गॅलरीतला वर्षावास

२९ जून

अंगणवाडीत होते तेव्हा रोजची दैनंदिनी लिहावी लागायची. किती मुलं आली, किती जणांचं वजन घेतलं, खिचडी कोणी शिजवली. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं होतं की आता पेनाला हात लावायचा नाही. आज सून मनालीकडून ही वही मागून घेतली, कारण या घरात मन भरून भांडता येईल असा एकच माणूस आहे आणि त्याच्याशी भांडू नका असं डॉक्टरांनी मला बजावलं आहे.

तो माणूस म्हणजे आमचे हे. बुधराम. एप्रिलमध्ये उन्हाळी धानाला पाणी द्यायला गेले आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, छाती धरून बसले. नागपूरला नेलं, नस मोकळी केली, जीव वाचला. पावसाळाभर चिखलात पाय ठेवायचा नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असा हुकूम झाला. जूनच्या सुरुवातीला मुलगा धर्मेंद्र आम्हाला गावाहून, दिघोरीहून, इथं भंडाऱ्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. वावर गावातल्या तुलारामला बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं. तेव्हापासून हे खाटेवर बसून आभाळाकडे पाहतात आणि म्हणतात, "आता धानाचे पऱ्हे टाकाची वेळ झाली." खाटेखाली पिशवी भरून ठेवलेली आहे. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.

मला इथं कसलाच त्रास नाही. नळाला पाणी, खाली बाजार, मागे बसस्टँड. त्रास आहे तो ह्यांना. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की हे एखाद्या सकाळी गावाकडची लाखांदूरची गाडी धरतील, बांधीत, धानाच्या चिखलात, उतरतील आणि मला परत मिळायचे नाहीत. या एका गोष्टीची मला धास्ती आहे. म्हणून ठरवलं आहे, ह्यांना कशात तरी गुंतवायचं. गॅलरीत बाग करायची.

२ जुलै

गॅलरी म्हणजे काय, खाट टाकली तर दार उघडत नाही आणि दार उघडलं तर खाट मावत नाही. त्यात एका कोपऱ्यात कूलर उभा. उरलेल्या जागेत रंगाचे रिकामे डबे, एक फुटकी बादली आणि धर्मेंद्र लहानपणी ज्यात आंघोळ करायचा तो टब मांडला. परसबागेचं प्रशिक्षण मी दोनदा घेतलेलं आहे. दुसऱ्यांदा जेवण चांगलं होतं म्हणून गेले होते, पण ऐकलं दोन्ही वेळा. सळई तापवून प्रत्येक डब्याच्या बुडाला भोकं पाडली.

मनालीनं ऑनलाइन कोकोपीटची वीट मागवली. पाण्यात टाकली तर फुगून बादलीबाहेर आली. ह्यांनी एक मूठ उचलून वास घेतला.

"हे माती नोहे, देवका. हे तं भुसा होय."

"झाडाले चालते म्हनतेत."

"झाडाले इचारलं का कोनी?"

तरी मिरची, टमाटर आणि वांग्याची रोपं लावली तेव्हा खाटेवरून उठून दारापर्यंत आले. एक रोप वाकडं होतं, ते सरळ केलं आणि परत जाऊन बसले. म्हटलं, चला, मासा गळाला तोंड लावतोय.

१० जुलै

आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाला सुरुवात झाली. भंतेजींनी सांगितलं की पावसाळ्यात भिक्खू गावोगाव फिरत नाहीत, एका जागी मुक्काम करतात. का, तर या दिवसांत कोवळं पीक पायाखाली तुडवलं जातं, किडामुंगी मरते. कोवळं पीक म्हटल्यावर ह्यांनी मान हलवली. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पायऱ्यांवर चपला घालता घालता म्हटलं, "तुमीबी वर्षावास धरा. आश्विन पौर्णिमेवरी भंडारा सोडाचं नाई."

"मी का भंतेजी होय?"

"नोहे. पन घरी बसासाठी लागते थे कारन तरी भेटलं."

ह्यांनी पायात घातलेली चप्पल पुन्हा काढली. मग परत आत गेले, मूर्तीसमोर हात जोडले आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "मुक्काम हलवत नाई. चिखलात पाय टाकत नाई." ह्यांनी शब्द दिला की दिला. एकदा बिडी सोडतो म्हणाले, त्यानंतर कधी काडी पेटवली नाही. घरी येताना मी रस्त्यात पेढे घेतले. आनंद पेढ्यांचा होता असं त्यांना सांगितलं.

ह्यांच्यासोबत माझाही वर्षावास आलाच. पण मला काय, मला इथं बरंच आहे.

१४ जुलै

परवा खालच्या मजल्यावरच्या ज्योत्सना मॅडम वर आल्या. शाळेत शिकवतात, आवाजावरूनच कळतं. हातात पांढरा कुडता, त्यावर तांबडे ओघळ. आमच्या डब्यांचं पाणी त्यांच्या दोरीवर पडतं. मी माफी मागितली, चहा दिला. हे म्हणाले, "मॅडम, उद्यापासून एक थेंब नाई पडनार." मला वाटलं, उगीच बोलताहेत.

खरंच पडला नाही. ह्यांना बागेची गोडी लागली, हे पाहून मला फार बरं वाटलं. सकाळी माझ्या आधी उठून पाणी घालतात.

आज लाखांदूरची गाडी बरीच उशिरा सुटली. मी गॅलरीत उभी होते म्हणून दिसलं.

२२ जुलै

टमाटर मेले. मिरची पिवळी पडली, वांगी माना टाकून बसली. मी खत कमी पडलं म्हणून शेणखत घातलं, औषध कमी पडलं म्हणून कडुनिंबाचं पाणी मारलं. आज एक डबा तिरपा केला तर आत पाणी डुचमळलं. खाली हात घातला. प्रत्येक भोकाला चिखलाचा गोळा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा, वरून अंगठ्यानं दाबून पक्कं केलेलं. जन्मभर केलेलं काम, कुठंही फट नाही.

"हे तुमी केलं?"

"मंग? मॅडमले शब्द देल्लो होतो ना."

"अवो, मुळं सडली! भोकं पानी जाले पाडली होती!"

"पानी जाले कोनी भोकं पाडते का वो?" हे खरोखर चक्रावले. "खेकडा धुऱ्याले भोक पाडते तं अख्खी बांधी रिकामी होते. भोक दिसलं का मी बुजवतो. माह्याच्यानं राहवतच नाई."

मी रागारागानं एक बूच ओढलं. काळं, कुजकं पाणी भसकन निघालं आणि सरळ खाली गेलं. खाली त्या वेळी ज्योत्सना मॅडम केस वाळवत उभ्या होत्या. त्या जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. शिक्षक माणसाला इतकं येतं हे माहीत नव्हतं.

मग मी ह्यांच्यावर घसरले. म्हटलं, तुमच्या हातून आता काही धड होत नाही. हे शब्द तोंडातून गेल्यावर मला त्यांचा चेहरा दिसला. जेवले नाहीत. डॉक्टरांनी भांडू नका म्हणून सांगितलं होतं आणि मी भांडणापेक्षा वाईट केलं.

२४ जुलै

सकाळी नवी रोपं आणायला बाजारात गेले. परत आले तर खाट रिकामी. खाटेखालची पिशवी नाही. मोबाईल चार्जिंगला लावलेला तसाच.

तुलारामला फोन केला. तो म्हणाला, "इकडं नाई आले, वहिनी. आज आपलाच रोवना सुरू आहे." मी म्हटलं, "दिसले का हात धरून बाहेर काढजो. शिव्या देतीन, तरी काढजो." धर्मेंद्रच्या बँकेत फोन केला, तो उचलेना. मग गॅलरीत उभी राहून येणारी प्रत्येक गाडी पाहिली. मनाली दुपारी घरी आली आणि म्हणाली, आई, तुम्ही रडत होता. मी म्हटलं, कांदा कापत होते. ती म्हणाली, "ढेमसाच्या भाजीत कांदा कधीपासून घालाले लागल्या?" आजकालच्या सुनांना फार लक्षात राहतं.

ऊन उतरताना हे आले. मी तोंडाकडे पाहिलंच नाही, आधी पाय पाहिले. टाचा कोरड्या, नखं स्वच्छ.

"एकोडीले गेलतो. धुरपताच्या इथं."

धुरपता म्हणजे ह्यांची बहीण, एकोडी गावात दिलेली. तिचा रोवणा होता.

"मूर्तीसमोर शब्द देला आन मोडला!"

"कोठी मोडला? मुक्काम हलवला नाई. भंतेजीबी दिवसा बाहेर जातेत आन राती परततेत. चिखलात पाय टाकला नाई, धुऱ्यावरच उभा होतो. इचार धुरपताले."

विचारलं. फोनवर तीही वैतागलेली. "वहिनी, दिवसभर धुऱ्यावरून सगळ्यायले शिकवून राहिला. बाया म्हने, या साहेबाले घरी पाठवा."

पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, एक जुडी निघाली. चिन्नोर, आमच्याकडचं वासाचं धान. हिरवीगार. ह्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुह्या डब्यात पानी सांडते. माह्या पिकाले पानी थांबलेलं लागते. मले एक बिनभोकाचं दे." मी हो म्हटलं. त्या घडीला फ्लॅट मागितला असता तरी हो म्हटलं असतं.

२५ जुलै

बिनभोकाचं म्हणजे कूलरची टाकी. धर्मेंद्र म्हणाला, "बाबा, कूलर मार्चमधे लागते." हे म्हणाले, "धान नोव्हेंबरात निघते. तुह्या कूलरच्या आधी रिकामं करून देतो." मुलगा बँकेत असला तरी हा हिशोब त्यानं मान्य केला. त्यानं वरचा पंखा आणि जाळ्या सोडवल्या आणि स्कूटीवरून बांधीच्या मातीचं पोतं आणून दिलं.

चिखल मी केला. शब्दाप्रमाणे ह्यांचा पाय चिखलात चालत नाही, पण हात चालतो का, यावर आमचा चहाभर वाद झाला. शेवटी हात चालतो असं ठरलं, पण वाकायचं नाही. म्हणून टाकी स्टुलावर चढवली आणि हे खुर्चीवर बसले. मी रोपांची एक चूड लावायची, त्यांनी एक. मी किती खोल दाबते त्यावर त्यांची नजर. रोवण्याचं गाणं माझ्या तोंडून आपोआप निघालं. कितीतरी दिवसांनी घसा मोकळा झाला. खालून ज्योत्सना मॅडमचा आवाज आला, "आजी, थांबू नका!" मी थांबले, अर्थातच. लाज वाटली.

टाकीभोवती वांग्याचे आणि मिरचीचे डबे मांडले, भोकं उघडी आणि खाली ताटल्या ठेवून. ह्यांनी प्रत्येक डब्याच्या कडेला दोन-दोन तुरीचे दाणे टोचले. "धुऱ्यावर तूर पायजे." आता गॅलरीत मधे बांधी आहे, भोवती धुरा आहे आणि कपडे वाळत घालायला जागा नाही.

१६ ऑगस्ट

तुलारामला फोन केला. धान कसं आहे, गाय कशी आहे, अंगणातल्या पारिजातकाला शेंबडी पोरं अजून हलवतात का, मागच्या भिंतीला ओल आली का, शेजारच्या रेवताबाईच्या नातीला दात आले का. तो म्हणाला, "वहिनी, बुधरामभाऊले देता का फोन? थे काहीच इचारत नाईत." ह्यांना दिला. हे म्हणाले, "तू आहेस ना पाहाले. बरं," आणि ठेवून दिला. कसे निर्धास्त झालेत बघा. माझ्या बागेचा गुण आहे.

मला हल्ली झोप कमी लागते. वयामुळे असेल. या फ्लॅटमध्ये सकाळ झाल्याचं कळतच नाही, कोंबडा नाही, अंगण झाडल्याचा आवाज नाही. अर्थात त्यामुळे काही बिघडत नाही.

७ सप्टेंबर

हे कॉलनीत प्रसिद्ध झाले आहेत. जिन्यात माणसं थांबवून विचारतात, आजोबा, मिरचीची पानं गोळा होतात, काय करू. विहारात संध्याकाळचं ग्रंथवाचन ऐकायला जातात आणि येताना कोणाच्या तरी घरचा चहा पिऊन येतात. मध्यंतरी दोडक्याचा वेल लावला होता. तो कठड्यावरून खाली लोंबायला लागला, तर ह्यांनी कापला नाही, उलट सुतळी बांधून ज्योत्सनाच्या गॅलरीत सोडून दिला. मुळं आमची, दोडके तिचे. काल तिनं त्याच दोडक्यांची भाजी वर पाठवली. आता ती मॅडम राहिली नाही, नुसती ज्योत्सना झाली आहे. तिनं मलाही खाली बोलावलं, महिला मंडळ आहे म्हणून. मी म्हटलं, बघू. दिघोरीला बायका बोलवायला येत नाहीत, कुंपणावरून सरळ आत येतात.

मनाली आज म्हणाली, "आई, तुम्ही दोन दिवस गावी जाऊन येता का?" मी म्हटलं, ह्यांना सोडून? ह्यांच्यासाठीच तर इथं बांधून घेतलंय स्वतःला. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी तिच्याकडे. त्यांचं काहीतरी आपसात चालतं.

२८ सप्टेंबर

पहिलं वांगं काढलं. तळहाताएवढं, गुबगुबीत, भरताचं. गॅसवर भाजलं. चार माणसं, एक वांगं. प्रत्येकाच्या वाट्याला घासभर आलं आणि त्यावर घटकाभर चर्चा झाली. ह्यांनी आपला घास माझ्या ताटात सरकवला. "पोट भरलं" म्हणाले. एका घासानं?

७ ऑक्टोबर

आश्विन पौर्णिमा. वर्षावास संपला. विहारात खीर होती. भंतेजींना ह्यांनी आमच्या मिरच्या दान दिल्या आणि वर सांगितलं, "जपून खा." शब्द पाळला माणसानं. पावसाळा गेला आणि पायाला चिखल लागला नाही. मी मूर्तीसमोर उभी राहिले तर काय मागावं तेच सुचेना. जे हवं होतं ते शेजारीच उभं राहून खिरीची वाटी चाटत होतं.

९ ऑक्टोबर

डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "उत्तम. आता गावी जा, वावरात फिरा, चिखलातही उतरा. ओझं मात्र उचलायचं नाही."

घरी आल्या आल्या मी बॅग काढली. लुगडी, औषधं, तवा घेतला. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघायचं. हे गॅलरीत कूलरच्या टाकीसमोर उभे.

"देवका, इकडं ये. धान निसवलं पाय."

खरंच पानांतून लोंब्या बाहेर आल्या होत्या. वास सुटला होता. पण मला कुठं वेळ होता.

"पाह्यलं. सदरा द्या तुमचा, घडी करते."

"मी नाई येत बा. दाना भरताना सोडून जाते का कोनी? कापनी झाली का जाऊ."

"इथं पसाभर धान! तिकडं वावर उभं आहे!"

"वावराले तुलाराम आहे. मले घाई नाई."

आणि मग मला काय झालं ठाऊक नाही. हातातला तवा खाली आपटला आणि मी ओरडले, "मले आहे घाई! मले घरी जाचं आहे! मले हे घर आवडत नाई, मले झोप येत नाई, मले माह्या अंगनात बसाचं आहे!" आणि अशी रडले की धर्मेंद्र आतून धावत आला. ज्योत्सनाही खालून वर आली. तवा तिच्या छतावर वाजला होता.

हे मात्र शांत होते. खाटेवर माझ्याजवळ बसले. "हे तू कधी म्हनतेस, याचीच वाट पाहून राहिलो होतो. रोज गाड्या पाहून राहिली आन नाव माहं घेऊन राहिली."

"मंग आधी काहून नाई बोलले?"

"तुलेच कोठी माहीत होतं?"

मग मी मागची पानं चाळली. प्रत्येक पानावर मला इथं त्रास नाही असं लिहिलेलं. कोणालाही त्रास नसताना ते इतक्यांदा लिहावं लागत नाही. स्वतःची वही वाचून मला हसू आलं आणि रागही आला.

१० ऑक्टोबर

हे मला एकटीला गाडीत बसवायला आले. लग्नानंतर ह्यांच्याशिवाय दिघोरीला जाण्याची ही पहिलीच वेळ. "आठ दिवस राह्य," म्हणाले. "मन भरलं का ये. नाई भरलं तं फोन कर." खिडकीतून वांग्यांची पिशवी दिली. गाडी सुटली तेव्हा मागे वळून पाहिलं. हात हलवत उभे होते, पायात शहरी चप्पल घालून.

११ ऑक्टोबर, दिघोरी

काल घर उघडलं. जाळी काढली, अंगण सारवलं, रांगोळी घातली. रेवताबाई कुंपणावरून आत आली आणि चहा संपेपर्यंत तिनं चार महिन्यांच्या सगळ्या बातम्या दिल्या. रात्री ओसरीवर पडल्या पडल्या मला अशी झोप लागली की कोंबड्यालाही उठवता आलं नाही.

आज दुपारी वावरात गेले. चिन्नोर छातीएवढा, तुलारामनं पोटच्या पोरासारखा सांभाळलेला. धुऱ्यावर बसून मी रडले. आमच्यावाचून काही अडलं नव्हतं. या वावरासाठी हा माणूस जीव द्यायला निघाला होता, आणि ते तर दुसऱ्या कोणाच्याही हातानं पिकतं.

संध्याकाळी फोन केला. जेवले का, गोळ्या घेतल्या का. म्हणाले, सगळं घेतलं. काही कमी आहे का विचारलं, तर म्हणाले, "नाई." मला तो "नाई" आवडला नाही. मला त्यांची आठवण येते. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

१३ ऑक्टोबर

दुपारी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. फाटक वाजलं. हे! खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी.

"काहून आले? धानाचं काय?"

"ज्योत्सना आन मनाली पाहून राहिल्या. मनालीले सांगतलं, एक लोंबी कमी झाली तं कूलर भेटनार नाई."

मी पाहिलं, पाय कोरडे. चप्पल स्वच्छ. फाट्यावरून गावात यायचं तर आमचं वावर आधी लागतं. चाळीसच्या वर वर्षं झाली लग्नाला. बाहेरगावाहून आले की हा माणूस पिशवी धुऱ्यावर टाकतो, सगळ्या बांध्यांना फेरी मारतो आणि मग घरी येतो. धर्मेंद्रला बाळंतपणाहून घेऊन आले तेव्हाही आमची गाडी आधी धुऱ्यापाशी थांबली होती आणि मी ओली बाळंतीण त्या उन्हात बसून राहिले होते. आज तर डॉक्टरांनी परवानगी दिली होती. आज कोणी अडवणार नव्हतं.

"वावर पाह्यलं?"

"नाई. जाऊ सांजेले, दोघंही."

"रस्त्यातच तं आहे."

"आहे. आधी घरी आलो."

आणि ओसरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. मी पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेले. चहाला इतका वेळ लागत नाही, पण बाहेर येण्याआधी मला तोंड धुवावं लागलं.